गाडीच्या पोटातलं दुखणं

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवर त्या काळी धावलेली एकही गाडी अशी नसेल, की जिच्या पोटात नेमकं कुठे दुखतंय हे माझ्या सासूबाईंना नुसतं ऐकून सांगता आलं नसतं. स्वतः त्यांनी आयुष्यात स्टिअरिंगला हात लावला नाही. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून त्यांची सारी नोकरी धानोरा-एटापल्लीकडच्या जंगलात गेली आणि निवृत्त झाल्यावर त्या सावली या गावी घर बांधून राहिल्या. सगळं गाव त्यांना 'बाई' म्हणे, म्हणून मीही बाईच म्हणू लागलो. त्या मला 'जवाईबापू' म्हणत. या संबोधनातला मान गाडी बंद असेपर्यंत टिके. एकदा गाडी सुरू झाली आणि खालून काही वाजलं, की जावई कोण आणि क्लीनर कोण हा भेद त्यांच्या लेखी उरत नसे.

मी तेव्हा गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात भांडारात कामाला होतो. बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबांची जुनी अँबॅसडर मी घेतली आणि मोठ्या हौसेने सासुरवाडीला दाखवायला नेली. शेजारपाजारच्या लोकांनी रंग पाहिला, गाद्या दाबून पाहिल्या. बाई मात्र चष्मा काढून पदरात बांधून मागच्या सीटवर जाऊन बसल्या, जणू डोळ्यांचं इथे कामच नव्हतं. "चालवा," म्हणाल्या. मी चालवायला लागलो आणि गाडीचे गुण सांगायलाही लागलो. मागून आवाज आला, "जवाईबापू, तुमी बोलू नका. गाडीले बोलू द्या." भर वैशाखात त्यांनी चारी काचा वर करवल्या. मग चौकशी सुरू झाली. कधीपासून वाजते? सकाळी थंड असताना जास्त वाजते का तापल्यावर? खड्ड्यात पडताना, का खड्ड्यातून निघताना? ब्रेक दाबल्यावर, का सोडल्यावर? बाळंतिणीलाही कुणी इतकं खोदून विचारत नसेल. एकाच खड्ड्यातून त्यांनी मला इतक्या वेळा गाडी न्यायला लावली, की रस्त्याकडेला बसलेली म्हातारी माणसं बिडी विझवून बघत राहिली. शेवटी निदान झालं, "मागच्या डाव्या पाट्याचं रबर गेलं. घाबराचं काम नाई. म्हातारपण आहे." मूल गावच्या मिस्त्रीने गाडी खोलली, तर दुसरं काही नव्हतं. डाव्या पाट्याचं, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगचं, रबरच झिजून गेलं होतं.

बाईंनी गाडीखालच्या आवाजांची जातवारी लावून ठेवली होती आणि प्रत्येक आवाज त्या तोंडाने हुबेहूब काढून दाखवत. धप् म्हणजे शॉकअप. सतत खडखड म्हणजे सायलेन्सर. तो नुसता ओरडतो, मारत नाही. गाडी उचलताना एकदाच खट् झालं, तर मधल्या लांब दांड्याचा सांधा. "आन् वळणावर टक् करून जो चूप बसते ना," त्या आवाज खाली आणून सांगत, "त्याले भ्या." दुपारी ओसरीवर त्या लवंडलेल्या असत. रस्त्याने बांबूचा ट्रक गेला, की डोळे न उघडता म्हणत, "याचे दिवस भरले." चार दिवसांनी तोच ट्रक व्याहाडच्या वाटेवर मधोमध बसलेला लोकांना दिसे. पुढे पुढे ट्रकवाल्यांना ही गोष्ट कळली. काही जण त्यांच्या घरावरून जाताना मुद्दाम वेग कमी करत आणि बाईंच्या चेहऱ्याकडे बघत.

त्या चुकत नसत असं नाही. एकदा नागभीडला लग्नाला जाताना त्यांनी गिअरबॉक्स गेल्याचं जाहीर केलं. वऱ्हाडातली माणसं ताटकळली, गाडी झाडाखाली उभी राहिली, मी घामाघूम झालो. मग डिकी उघडली. आहेर म्हणून बाईंनीच ठेवलेला पाण्याचा पितळी गुंड आतल्या आत लोळत होता. बायको तोंडाला पदर लावून हसू लागली. बाईंनी गुंड उचलून मांडीवर घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "मी म्हटलं, गिअरबॉक्ससारखं वाजून राह्यलं. गिअरबॉक्सच आहे, असं म्या कुठी म्हटलं?"

बायको पहिल्या बाळंतपणाला सावलीला गेली, तेव्हाची गोष्ट. दिवस जवळ आले म्हणून मी गाडी घेऊन तिथेच जाऊन राहिलो होतो. एका सकाळी कळा सुरू झाल्या. बाईंनी लेकीच्या पोटावर हात ठेवला, पुन्हा ठेवला आणि उठून लुगड्याचा पदर खोचला. "डोकं अजून वर आहे. बाळ पायाळू येऊन राह्यलं. इथी नाई. चांद्याले चला." मी चंद्रपूरच्या दिशेने गाडी काढली. मूल गाव मागे पडलं, जंगल लागलं. बायको मागे आईच्या मांडीवर डोकं ठेवून कण्हत होती. मला रस्त्याशिवाय काही दिसत नव्हतं. एका वळणावर गाडीखालून टक् असं झालं. मला ते ऐकूही आलं नाही. पुढच्या वळणावर बाई म्हणाल्या, "थांबवा."

"बाई, आता?" मी म्हणालो.

"आताच."

मी थांबवली, पण मनातून इतका चिडलो होतो, की खाली उतरलोच नाही. स्वतःची लेक अशी तळमळत असताना या बाईला गाडीचं सुचतंय, असं मला वाटलं. बाईंनी लेकीच्या डोक्याखाली गाठोडं सरकवलं, खाली उतरल्या, रस्त्यावर गोधडी टाकली आणि पुढच्या चाकापाशी सरळ पाठीवर आडव्या होऊन आत शिरल्या. फक्त पावलं बाहेर. "स्टिअरिंग हलवा. इकडे. तिकडे. बस." मग म्हणाल्या, "तुमीच येऊन पाहा."

मी वाकून पाहिलं. चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचं नट आट्यांच्या अगदी कडेला आलं होतं. ते अडवून ठेवणारी पिन कधीच पडून गेली होती. "हे सुटलं असतं," बाई खालूनच म्हणाल्या, "तं स्टिअरिंग तुमच्या हातात राह्यलं असतं आन् चाक जंगलात गेलं असतं. पाना द्या." मी डिकीतून पाना काढून दिला. त्यांनीच नट आवळलं, अंबाड्यातला आकडा ओढून काढला, पिनेच्या भोकातून घातला आणि दुमडला. बाहेर आल्या, तेव्हा पांढरे केस मोकळे सुटले होते आणि पाठ लाल मातीने भरली होती.

तरी त्या लगेच आत बसल्या नाहीत. "बैलगाडीच्या चालीनं घ्या," म्हणाल्या. मी गाडी सोडली आणि बाई शेजारून चालू लागल्या. एक हात मडगार्डवर, दुसरा खिडकीतून लेकीच्या मुठीत. कळ आली, की लेक मूठ आवळायची आणि बाई चालता चालता म्हणायच्या, "श्वास घे, माय. लांब घे." लगेच मला, "डावीकडे वळवा. आता उजवीकडे." एक कान पोरीकडे आणि एक चाकाकडे. असं ऐकणं मी पुढे कुठेच पाहिलं नाही. पुढच्या वळणावर त्यांची खात्री पटली, तेव्हा त्या आत बसल्या. "चाला आता. पण धावू नका."

दवाखान्यात मुलगी झाली. पायांकडून आली, जरा उशिरा रडली, पण रडली. नात पाहायच्या आधी बाई मला म्हणाल्या, "पयले गाडी मिस्त्रीले दाखवून या." मी परत आलो, तेव्हा त्या व्हरांड्यात बाकावर बसल्या होत्या. केस अजून बांधलेले नव्हते. मी शेजारी बसलो. मग त्या आपणहून बोलू लागल्या. नोकरीच्या सुरुवातीला एका बाळंतिणीला दवाखान्याच्या जीपमधून आणत होत्या. खालून काहीतरी वाजत होतं. त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, तर तो म्हणाला, जुनी गाडी आहे बाई, वाजणारच. नाल्यात जीपचं चाक निखळलं. तिथून बाजेवर उचलून नेलं. "बाळंतीण वाचली," त्या म्हणाल्या. "लेकरू नाई वाचलं. तवापासून 'वाजणारच' हे मले ऐकवतच नाई."

नात शाळेत जायच्या वयाची झाली त्या सुमारास, एका दुपारी आम्ही नागभीडहून परतत होतो. रस्ता नवा डांबरी झाला होता. नात बाईंच्या मांडीवर झोपली होती आणि आरशात पाहिलं, तर बाईही झोपल्या होत्या, मान एका बाजूला कलली होती. चालत्या गाडीत त्यांचा डोळा लागलेला मी कधी पाहिला नव्हता. तेवढ्यात मागून खाली काहीतरी हलकं हलकं वाजू लागलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघं वाट बघत राहिलो, की आता त्या डोळे उघडतील, आता काहीतरी म्हणतील. त्या झोपल्याच होत्या. आवाज साधा होता, भिण्यासारखा नव्हता, एवढं आता माझं मला कळत होतं. मी वेग कमी केला. दोन्ही बाजूंनी कापणीला आलेलं धान होतं. सावली आली, घर आलं, तरी त्यांची झोप मोडू नये म्हणून मी बराच वेळ इंजिन चालूच ठेवलं.