कलिंगड न उचलणारी हाज्जा

आमच्या तांता शहरात मुलीचं लग्न ठरलं की तिची आई आधी हाज्जा इन्साफचं दार ठोठावते, आणि मग बाजाराची वाट धरते. थोरामोठ्या बाईला आमच्याकडे मानाने हाज्जा म्हणतात. चादरी, पडदे, पातेली, पाहुण्यांसाठीचे कप, जन्मभर कपाटात बसून राहणारा तो मोठा चिनी मातीचा संच, नवरीकडच्यांनी जे जे म्हणून घ्यायचं असतं ते सगळं इन्साफ घासाघीस करून घेऊन देते. याचे पैसे ती घेत नाही. लग्नानंतर मिठाईचा एक डबा येतो, तोही ती "पिस्ते कमी घातलेत" असं म्हणूनच ठेवून घेते.

तिचे काही नियम आहेत. हवी असलेली वस्तू हातात धरायची नाही, तिच्या शेजारची धरायची. दुकानदाराच्या आईची तब्येत विचारल्याशिवाय भाव विचारायचा नाही. भाव पटला नाही तर उठून चालू लागायचं आणि मागे वळून बघायचं नाही. कोपऱ्यावर पोचेपर्यंत मागून हाक येतेच. सौदा जमला की शेवटी वर काहीतरी मागून घ्यायचं, एखादा चमचा, एखादा रुमाल, काहीही. "भीड ही भिकेची बहीण," असं ती लाजणाऱ्या आयांना सांगते. दुकानदार तिला लांबून बघूनच कपाळाला हात लावतात आणि त्याच हाताने चहावाल्याला खूण करतात. पंधरा दिवस ती फिरकली नाही की तेच विचारतात, हाज्जा बऱ्या आहेत ना.

आमच्याकडे भाव विचारला की दुकानदार आधी म्हणतो, "राहू द्या हो, आमच्याकडून." टॅक्सीवाला म्हणतो, न्हावी म्हणतो, दात काढणारा डॉक्टरसुद्धा म्हणतो. ही बोलाचीच कढी. गिऱ्हाइकाने उत्तर द्यायचं, "अल्लाह बरकत देवो, तुमचं तुमच्यापाशी राहो," आणि मग खरं बोलणं सुरू होतं. हे शब्द कुणी खरे धरत नाही. एकदाच एकाने धरले होते. फौझी मास्तरांच्या मेहुण्याला कलिंगडवाला "राहू द्या" म्हणाला, तर याने कलिंगड काखेत मारलं आणि चालता झाला. कलिंगडवाला बघत राहिला, बिचारा हाक तरी कशी मारणार? त्या मेहुण्याचे केस आता पांढरे झाले, पण गल्ली त्याला अजून 'कलिंगड' म्हणूनच ओळखते. त्याच्या मुलीला बघायला आलेल्यांनी बाहेर पडताना हळूच चौकशी केली होती म्हणे, "तेच का हे?"

अशा या इन्साफला एका सकाळी फोन कंपनीचा संदेश आला. आपली जुनी योजना महिनाअखेर बंद होत आहे, कृपया नवीन योजना निवडा.

संदेश वाचून ती जागच्या जागी बसली. त्या जुन्या योजनेत एक आवडता नंबर ठरवून द्यायचा, त्या नंबरवर कितीही बोला. इन्साफचा तो नंबर म्हणजे तिची थोरली बहीण तहिय्या. तहिय्या लग्न होऊन दक्षिणेत किन्याला गेली ती तिकडचीच झाली. आता नवरा नाही, मुलं आखातात, डोळ्यांना नीट दिसत नाही. तिच्याकडे बटणांचा जुना फोन आहे आणि त्यातलं एकच बटण तिला चाचपून सापडतं. इंटरनेटवर फुकट बोला म्हणणाऱ्यांना हे कळत नाही.

रोज सकाळी दोघी फोन लावून ठेवतात आणि आपापल्या स्वयंपाकघरात वावरतात. इन्साफ इकडे वालासारख्या बाकल्याची उसळ घोटते, तहिय्या तिकडे मुलुखियाच्या पालेभाजीची पानं खुडते. मुलुखियात लसूण किती घालावा यावर दोघींचं लग्नाआधीपासून भांडण आहे. कधी कधी अर्धा अर्धा तास कुणीच बोलत नाही. एकीचा चमचा दुसरीला ऐकू येतो आणि तेवढं दोघींना पुरतं. नव्या योजनांमध्ये मिनिटं मोजून मिळणार होती, आणि गप्प बसण्याची मिनिटं कुणी मोजून घेतं का? ही सकाळ हातची गेली तर आपल्याला सहन होणार नाही, हे इन्साफला स्वच्छ ठाऊक होतं.

"एवढंच ना? भाव करते," ती तहिय्याला म्हणाली.

कंपनीच्या दुकानात काउंटरवरच्या मुलीने तिला गोड हसून सांगितलं की सगळे भाव ठरलेले आहेत. इन्साफही गोड हसली. ठरलेले भाव तिने आजवर खूप पाहिले होते. घरी येऊन तिने कंपनीचा मदतीचा नंबर लावला. शेजारची करीमान मुलीच्या पडद्यांचं विचारायला आली होती, तीही ऐकत बसली. हे संभाषण रेकॉर्ड केलं जात आहे, असं यंत्रातल्या बाईने आधी सांगितलं.

"करा, करा. साहेबांनाही ऐकू द्या," इन्साफ म्हणाली. "आई कशी आहे तुझी?"

यंत्रातली बाई म्हणाली, "बिलासाठी एक दाबा."

करीमानला हसू आवरेना. शेवटी एक खरी मुलगी बोलायला आली. इन्साफने तिची खुशाली विचारली, योजनेचं गाऱ्हाणं सांगितलं, आणि मुलीने नाही म्हणताच नियमाप्रमाणे, "बरं तर, मी निघाले," असं म्हणून फोन ठेवला. मग फोन समोर ठेवून, हाताची घडी घालून ती वाट बघत बसली.

"कशाची वाट बघतेस, हाज्जा?" करीमानने विचारलं.

"हाकेची."

"अगं, ती दारात येऊन हाक मारणार आहे का? तिला दारच नाही."

हाक आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच इन्साफ दुकानातून उठली आणि मागे कुणाला पत्ताच नाही. तिला हसू आलं नाही, वाईट वाटलं. तहिय्या फोनवर म्हणाली, "जाऊ दे गं. शुक्रवारच्या शुक्रवार बोलू. मी रेडिओ लावत जाईन." तिने हे इतक्या सहज म्हटलं की इन्साफला रडूच फुटलं. कांदा चिरतेय, असं ती म्हणाली. तहिय्याला बाकल्याच्या उसळीत कांदा कशाला ते कळेना, पण तिने हवेपाण्याचं विचारलं.

वाट काढली ती करीमानने. पडद्यांचं काम अडलं होतं ना. ती म्हणाली, "तू उठलीस खरी, पण गेलीस कुठे? घरातच बसलीस. बाजारात तू समोरच्या दुकानात शिरतेस तेव्हा हा दुकानदार हलतो. समोरच्या कंपनीत जा. तोच नंबर घेऊन तिकडे जायचा अर्ज देता येतो."

इन्साफने तिच्याकडे बघितलं. "आणि हे तू मला शिकवतेस," ती म्हणाली, आणि उठून चपला घातल्या.

दुसऱ्या कंपनीत अर्ज दिला त्याच दिवशी दुपारी फोन वाजला. गल्लीतल्या चारजणी चहाला जमल्या होत्या, इन्साफने फोन मोठ्या आवाजावर टाकून मधोमध ठेवला. पलीकडून आधी तीच यंत्रातली बाई बोलली, हे संभाषण रेकॉर्ड होत आहे. मग एक तरुण आवाज आला, "मी बासेम बोलतोय. आपण आम्हाला सोडून चाललात असं कळलं. काही चुकलं का आमचं?"

इन्साफचा चेहरा उजळला. "आला," ती हळूच म्हणाली, "दारात आला." मग मोठ्याने, "ये बाळा. आई कशी आहे?"

बासेम जरा अडखळला. "बरी आहे, अल्लाहची कृपा."

"कुठला तू?"

"दमनहूरचा."

"वडील काय करतात?"

"कापडाचं दुकान आहे."

चहाच्या पेल्यांवरून सगळ्यांनी एकमेकींकडे बघितलं. कापडवाल्याचा मुलगा! आता गंमत होती. बासेमने माल मांडायला घेतला. एवढं इंटरनेट फुकट, तेवढी गाणी फुकट, फुटबॉलचे सामने थेट फोनवर. इन्साफ प्रत्येक वेळी, "छान आहे, तुझ्या साहेबांना दे," म्हणत राहिली. "मला एक नंबर हवा. सकाळची वेळ हवी. बाकी तुझं दुकान तुझ्यापाशी."

"हाज्जा, सिस्टीममध्ये तशी योजनाच नाही."

"वडिलांच्या दुकानात मागच्या फळीवर जे ठेवतात, ते मांडलेलं असतं का रे?"

बासेम हसला. मग हळूहळू कळलं की त्याचा साखरपुडा झालाय, घर घ्यायचंय, फ्रिज कुठला घ्यावा यावर सासूशी वाद चालू आहे. इन्साफने फ्रिजचा निकाल लावून दिला. बर्फ साठवण्यासाठी फ्रिज घेतात का, भाजी ठेवायला घेतात, मोठा घे आणि सासूचं ऐक. कुणीतरी चहा पुन्हा उकळायला ठेवला. बासेम आता टाइपही करत नव्हता, निवांत बोलत होता, अगदी दमनहूरच्या दुकानात गल्ल्यावर बसल्यासारखा.

"बरं, बाळा, फार वेळ घेतला तुझा," इन्साफ म्हणाली. "आता शेवटचं सांग. त्या एका नंबरचं किती?"

"राहू द्या हो, हाज्जा. आमच्याकडून."

बोलून गेला तो, अगदी सवयीने. मग पलीकडून हळूच 'या अल्लाह' ऐकू आलं.

करीमान ताडकन उठली. तिने फोनवर हात ठेवला आणि कुजबुजली, "रेकॉर्ड झालंय! कंपनीचा माणूस फुकट म्हणाला, रेकॉर्ड आहे! धर त्याला, हाज्जा. जन्मभराची ददात मिटली."

बाकीच्याही माना हलवायला लागल्या. कंपनी काही गरीब नाही, असं एकीने म्हटलं, आणि ते खरंच होतं. इन्साफला तहिय्याचा रेडिओ आठवला. हातात आलेलं होतं, फक्त मूठ मिटायची होती. तिने मनातल्या मनात मूठ मिटून बघितली आणि तिला काखेतलं कलिंगड दिसलं.

तिने करीमानचा हात बाजूला केला. "अल्लाह बरकत देवो, लेका," ती म्हणाली. "तुझं तुझ्यापाशी राहो. आता खरा भाव सांग."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बासेम म्हणाला, "हाज्जा, एक मिनिट थांबाल? मी सांगितल्याशिवाय ठेवू नका." त्याचा आवाज बदलला होता.

मिनिटाच्या ठिकाणी दोन-तीन गाणी वाजली. मग एक बाई आल्या. नशवा नाव, विभागप्रमुख, आवाज इस्त्री केलेला. "आमच्या कर्मचाऱ्याने आपल्याला सेवा मोफत देऊ केली, असं तो स्वतःच येऊन सांगतोय. तसा त्याला अधिकार नाही. आपली यावर काही मागणी आहे का?"

"मॅडम, तुम्ही कुठल्या?" इन्साफने विचारलं.

"त्याचा इथे काय संबंध? मन्सूऱ्याची."

"मन्सूऱ्याला दुकानदार म्हणतात ना, राहू द्या, आमच्याकडून?"

"म्हणतात."

"मग तुम्ही माल उचलून चालू लागता?"

 तिकडून नशवा मॅडमच्या हसण्याचा आवाज आला, आधी दाबलेला, मग न दाबलेला. "आई मारेल मला," त्या म्हणाल्या, आणि त्यानंतर आवाजाची इस्त्री गेली ती गेलीच.

मागच्या फळीवर माल होताच. जुन्या गिऱ्हाइकांसाठी एक योजना होती, ती कुठे लावलेली नव्हती आणि विचारल्याशिवाय कुणी सांगत नव्हतं. एक नंबर, सकाळी उजाडल्यापासून दुपारच्या नमाजापर्यंत, कितीही. भाव जुन्यापेक्षा थोडा जास्त. इन्साफने तो ऐकून सुस्कारा सोडला, तिच्या सुस्काऱ्याला बाजारात चांगले चांगले वितळतात. नशवा मॅडमनी थोडं उतरवलं. इन्साफ म्हणाली ठीक, दुसरीकडचा अर्ज मागे घेते.

"झालं तर मग?" मॅडमनी विचारलं.

"वर काहीतरी द्याल ना? रीत आहे."

"आता आणखी काय देऊ, हाज्जा?"

"मुलाला काही बोलू नका. कापडवाल्याचा आहे, तोंडात बसलंय त्याच्या. बसू द्या."

"दिलं," नशवा मॅडम म्हणाल्या.

फोन बंद झाल्यावर करीमानने पुटपुटत पेले गोळा केले. फुकट सोडून विकत घेतलं, अशी बाई जगात दुसरी नसेल, असं काहीतरी. पण दाराशी जाताना तीच म्हणाली, "माझ्या पडद्यांना शनिवारी येशील ना?" तिचा विश्वास आणखीच वाढला होता, हे तिच्याही लक्षात आलं नाही.

दुसऱ्या सकाळी इन्साफने किन्याला फोन लावला आणि सगळी हकीकत सांगितली, बासेमच्या फ्रिजसकट. तहिय्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "कितीला घेतलंस?"

इन्साफने सांगितलं.

"एवढे? मी असते तर आणखी उतरवले असते."

ते खरं होतं. इन्साफला भाव करायला शिकवलं होतं तहिय्यानेच. इन्साफ लहान असताना तहिय्याचं बोट धरून बाजारात जायची, आणि मागे वळून बघू नकोस, असं तहिय्याच तिला बजावायची.

"पुढच्या वेळी तूच बोल मग."

"बोलेन. मला सकाळी काय काम आहे?" तहिय्या म्हणाली. "रेडिओ लावून बघितला मी काल. चहात साखर किती घातलीस विचारलं, तर उत्तरच देईना."

"दोन चमचे घातलेत," इन्साफ म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि या वेळी तिने कांद्याचं नाव घेतलं नाही. "रडतेय मी, ताई. आनंदाने."

"रड, रड. दुपारपर्यंत फुकट आहे."

मग दोघी बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. तांत्यात बाकला शिजत होता, किन्यात पानं खुडली जात होती, आणि थोड्या वेळाने लसणाचा विषय निघाला.