चार अधिक चार ओहम

तुमच्या बाबांनी तुमच्यासाठी गिटारवर पाच चाली वाजवून ठेवायचं ठरवलं होतं. तुमच्याकडे दोनच आल्या. उरलेल्या तीन का आल्या नाहीत हे तुमच्या आईलाही ठाऊक नाही, कारण मी तिला फोनवर मशीन बिघडलं एवढंच सांगितलं होतं. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. म्हणून तुमची आजी हे लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजीच शिकवलं. पण इंग्रजीत लिहायला बसले की माझी वाक्यं फार सभ्य होतात आणि त्यांत माझी चूक बारीक दिसायला लागते. कुठे अडलं तर आईला विचारा.

बाबा पुण्याहून बसवकल्याणला माझ्याकडे राहायला आले तेव्हा तुम्ही दोघं आईबरोबर परदेशी जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई-बाबांच्या वेगळं होण्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. बाबांचा आजार तुम्हाला माहीत आहे. आधी डाव्या हाताची करंगळी वळेनाशी झाली, मग तिच्या शेजारचं बोट. हैदराबादच्या डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं होतं: आधी हात जातील, मग वाचा, मग गिळणं. किती दिवसांत, ते सांगता येत नाही. घरी येताना बाबांनी दोन बॅगा, गिटार आणि एक लोखंडी जड पेटी आणली. ती पेटी म्हणजे व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर. आत काचेच्या नळ्या होत्या. चालू केल्यावर त्या हळूहळू तापून देवघरातल्या समईसारख्या लालसर व्हायच्या. त्याचा स्पीकर मात्र पुण्यातच राहिला. तो कपाटाएवढा होता आणि गाडीत मावला नाही.

ती गिटार विजेवर चालणारी. अॅम्प्लिफायरशिवाय तिचा आवाज हातभर अंतरावरही नीट येत नाही. म्हणून मी आमच्या गल्लीतल्या मंडपवाल्याला बोलावलं. लग्नाबारशाला मंडप, खुर्च्या, लाऊडस्पीकर देणं हा त्याचा धंदा. मला तो अक्का म्हणतो आणि बाबांना, ते त्याच्याहून वयानं लहान असूनही, अण्णा. तो आला, खाली बसला, पेटीच्या मागच्या जाळीतून आत बघितलं.

"अक्का, ह्यात तर बल्बं हायती. अण्णा, हे वाजतंय का नुसतं उजेड पाडतंय?"

बाबा हसले. त्या महिन्यात ते हसलेले मला एवढंच आठवतं.

मंडपवाल्यानं स्पीकरचे दोन डबे आणून दिले. भाडं घेईना. डब्यांच्या मागं चार ओहम असं लिहिलेलं होतं. ओहम म्हणजे काय ते बाबांनी मला शिकवलं. विजेला स्पीकरमधून जाताना किती अडथळा होतो त्याचं ते माप. प्रत्येक अॅम्प्लिफायरला ठरावीक अडथळा लागतो. आमच्या पेटीला आठ किंवा सोळा चालत होता, चार चालत नव्हता. मंडपवाले आपले डबे जसे जोडतात, म्हणजे प्रत्येक डब्याला वीज आपापल्या वाटेनं पोचते, तसे हे दोन जोडले असते तर अडथळा निम्मा, दोनच झाला असता. म्हणून ते एकामागे एक जोडायचे होते. वीज पहिल्या डब्यातून निघणार, ती दुसऱ्यात जाणार, मग परतणार. चार अधिक चार, आठ.

जोडणी मी केली. बाबांची बोटं कातर धरू शकत नव्हती. त्यांनी खुर्चीत बसून सांगायचं आणि मी टेबलावर वायरी सोलायच्या, कथलाचा डाग देऊन जोडायच्या. एका लाकडी डबीत दोन सॉकेट बसवली. त्यांच्यावर मी एक आणि दोन असे आकडे चिकटवले, डब्यांवरही तेच. तुम्हाला माझी सवय माहीत आहे. माझ्या स्वयंपाकघरात हळदीच्या बरणीवरसुद्धा हळद लिहिलेलं असतं. कसं चालू करायचं, कसं बंद करायचं, तेही एका कार्डावर लिहून काढलं. कार्डावरची पहिली ओळ बाबांनी मला दोनदा वाचायला लावली होती: डबे जोडल्याशिवाय हे कधीही चालू करायचं नाही. वीज बाहेर पडायला वाट नसली की ती आतल्या आत फिरते आणि ट्रान्सफॉर्मर जाळते. मी कार्ड स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि मला सगळं समजलं असं धरून चालले.

समजली होती फक्त बेरीज.

डबे मधल्या खोलीत ठेवले, त्यांच्यापुढे मायक्रोफोन, आणि दार लावून घेतलं. बाबा बाहेरच्या खोलीत पेटीजवळ बसून वाजवायचे आणि कानाला हेडफोन लावून ऐकायचे. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरू नये म्हणून ही व्यवस्था. पहिली चाल तीन दिवसांत झाली. दुसरीला नऊ दिवस लागले. तुमच्याकडे आहेत त्या याच. दुसरीत शेवटाला एक सूर घसरतो. तो त्यांनी तसाच ठेवला. तिसरी तुमच्यापैकी धाकटीसाठी होती. बोटं सकाळी ताठ असायची. दुपारी शेकून, चोळून दिली की कधी तासभर मोकळी व्हायची, कधी होतच नसत. मोकळी होतील तेव्हा पेटी तयार हवी, एवढंच माझं काम होतं.

चौथ्या आठवड्यात गल्लीच्या टोकाच्या घरातली म्हातारी वारली. तिचे जावई चिंताकीहून यायचे होते, त्यामुळे उचलायला दुपार टळणार होती. तोवर दारात भजन. मंडपवाला माझ्याकडे आला. त्याचे बाकीचे सगळे डबे एका लग्नाला गेले होते.

"अक्का, एक डबा द्या. संध्याकाळी आणून टाकतो. मयताच्या घराला न्हाई म्हणता येत न्हाई."

येत नाहीच. आमच्याकडे लग्नाला नाही म्हटलेलं चालतं, मयताला नाही. आणि डबा मुळात त्याचाच. बाबा आत झोपले होते. रात्रभर त्यांना पायात गोळे आले होते आणि पहाटे कुठे डोळा लागला होता. मी त्यांना उठवलं नाही. मधल्या खोलीत जाऊन दोन नंबरची वायर माझ्या हातानं उपसली, गुंडाळून दोऱ्यानं बांधली आणि डबा त्याच्या खांद्यावर दिला. मनाशी हिशेब केला तो असा: आठातून चार गेले, चार राहिले, चार पेटीला चालत नाहीत, तेव्हा बाबा उठले की संध्याकाळपर्यंत थांब म्हणून सांगायचं. वाट तुटली आहे, राहिलेल्या डब्यातही आता वीज जाणार नाही, हे माझ्या ध्यानात आलं नाही. मंडपवाल्याच्या कामात एक डबा काढला तर बाकीचे वाजत राहतात. सबंध गावाला एवढंच माहीत असतं, आणि मलाही तेवढंच माहीत होतं, जोडणी स्वतः केलेली असूनही.

मग मी म्हातारीच्या दारी गेले. शेजारधर्म होता. दीड-दोन तास बसले. तिच्या मुलीला धरून बसावं लागलं.

मयताच्या घरून परतलं की मागच्या दारानं आत यायचं, कुणाशी बोलायचं नाही, कशाला शिवायचं नाही, सरळ न्हाणीत जाऊन डोक्यावरून पाणी घ्यायचं. माझ्या सासूबाईंनी हे घरात घालून दिलं. मी ते मानत नव्हते. वर्गात मुलांना जंतू आणि साबण यांच्याबद्दल सांगायचे आणि घरी येऊन हे पाळायचे, कारण पाळायला फार कष्ट पडत नव्हते. दहा मिनिटांचं काम.

मी मागच्या दारानं आत आले तेव्हा बाहेरच्या खोलीतून पेटीच्या बटणाचा खटका ऐकू आला. म्हणजे बाबा उठले होते आणि बोटं मोकळी होती. माझ्या चपलांचा आवाज त्यांना गेला असावा.

"आई, आलीस का? आवाज येईना झालाय. काही हलवलंस का?"

मी न्हाणीच्या उंबऱ्यावर उभी होते. उत्तर दोन शब्दांचं होतं: बंद कर. मला ते तोंडात आल्याचं आठवतं. मी आत गेले, दाराला कडी घातली आणि पहिला तांब्या डोक्यावर ओतला. पाच मिनिटांनी सांगू, असा विचार केला. एवढ्यानं काय होतंय.

ते पुन्हा एकदा हाक मारल्यासारखे बोलले, पण पाण्याच्या आवाजात शब्द कळले नाहीत. नंतर मला समजलं की गिटारची वायर सैल असेल असं त्यांना वाटलं. त्यांनी ती बदलली. हाताला वेळ किती आहे याचा भरवसा नव्हता म्हणून आवाज वाढवला आणि जोरात वाजवून पाहिलं. मधल्या खोलीचं दार उघडायला उठावं लागलं असतं, आणि त्यांना उठायला माझा आधार लागायचा. मी दुसरं पातळ नेसत होते तेव्हा झरोक्यातून वास आला, लाख जळाल्यासारखा. तेव्हा मी ओलीच पळाले.

पेटीच्या मागून धुराची एक बारीक रेघ निघत होती. बाबांनी प्लग आधीच ओढला होता. त्यांच्या मांडीवर गिटार होती आणि डावा हात तारांवर होता, चारही बोटं मोकळी. मी त्यांना सगळं सांगितलं. डबा दिला, वायर काढली, उठवलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांना डब्याचं काही वाटलं नाही.

"मी हाक मारली तेव्हा तू घरात होतीस." लहानपणी गल्लीत बोलायचे तसं ते पुढे म्हणाले, "कामून बोलली न्हाईस?"

मी म्हटलं, आंघोळ व्हायची होती.

माझ्या केसांतून फरशीवर पाणी गळत होतं. मग त्यांनी गिटार घ्यायची खूण केली. मी ती घेऊन भिंतीला टेकवली. यावर आम्ही दोघं पुन्हा कधी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि मंडपवाला पेटी घेऊन कलबुर्गीला गेलो. तिथे रेडिओ दुरुस्त करणारा एक म्हातारा होता. व्हॉल्व्ह कळणारा आता तोच उरलेला. त्यानं पेटी उघडून बघितली. नळ्या शाबूत होत्या, ट्रान्सफॉर्मरचं वेटोळं जळलं होतं. तसं वेटोळं हैदराबादला एक माणूस हातानं गुंडाळतो, पण त्याच्या सवडीनं. बसमध्ये मंडपवाला सगळी वाट स्वतःला दोष देत होता. "मी डबा मागाय नको होता अक्का. मेल्याली काय भजन ऐकत होती का?" मी त्याला खरं काय ते सांगितलं नाही. त्याला तसंच वाटू दिलं.

मग मी बाबांना सुचवलं की पेटीशिवाय, गिटारीला फोन अगदी चिकटवून धरू आणि उरलेल्या तीन चाली घेऊ. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. पत्र्यावर खडे टाकल्यासारखं ऐकू येईल, म्हणाले. मुलांना मी तसा ऐकू यायला नको, असंही म्हणाले. मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं, पण हट्ट करायचा हक्क माझ्याकडे राहिला नव्हता. रोज दुपारी हात शेकणं मात्र मी चालू ठेवलं. काही दुपारी बोटं मोकळी व्हायची. ती मोकळी झालेली आम्ही दोघं बघायचो, आणि मी शेकायच्या पिशवीतलं पाणी ओतून द्यायचे.

ट्रान्सफॉर्मर यायला अडीच महिने गेले. मंडपवाल्यानं कलबुर्गीहून पेटी आणली. मी दोन्ही डबे जोडले, आकडे तपासले, कार्डावरची एकेक ओळ मोठ्यानं वाचत चालू केलं. नळ्या लाल झाल्या. डब्यांतून बारीक घुमारा यायला लागला, म्हणजे सगळं ठीक होतं. तोपर्यंत बाबांचं बोलणं फक्त मला समजत होतं आणि डावा हात कोपरापासून लोंबत होता. मी गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली आणि खाली उशी दिली. मंडपवाला दाराशी उभा होता. त्याला बहुतेक वाटत होतं की आता गाणं होईल.

बाबांनी उजव्या हाताचा अंगठा सहाही तारांवरून एकदाच खाली नेला. एकही तार दाबलेली नव्हती, त्यामुळे ती कुठलीच चाल नव्हती. मधल्या खोलीतून आवाज आला, भरलेला आणि मोठा. खिडकीची तावदानं थरथरली. तो पुरता विरेपर्यंत ते डोळे मिटून बसले. बराच वेळ लागला. मग म्हणाले, "बंद कर."

मी कार्डाप्रमाणे बंद केलं. रेकॉर्डिंगचं बटण त्यांनी दाबायला सांगितलं नव्हतं आणि मी आपण होऊन दाबलं नाही. त्यामुळे तोही आवाज तुम्हाला पाठवायला माझ्याकडे नाही. आहेत त्या दोनच चाली.