मुकादमांची खुर्ची आणि झैनबच्या बदल्या

झैनबच्या राजीनाम्याची ईमेल आली तेव्हा मी मुकादमचाचांच्या निरोपाचा केक ऑर्डर करत होते. ईमेल पुन्हा एकदा वाचली आणि बेकरीवाल्याला म्हटलं, "थांबा, नंतर सांगते."

मी बहरैनमधल्या एका अॅल्युमिनियमच्या कारखान्यात एचआर मॅनेजर आहे. कारखाना मआमीर गावाला लागून. दारं-खिडक्यांच्या पट्ट्या बनतात. अब्दुल रझाक मुकादम आमचे मेंटेनन्स हेड, मूळचे दापोलीकडचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी इथे घालवली. आता गुडघे गेलेले, आणि गावी बायको अमिना एकटी. तिचं डोळ्यांचं ऑपरेशन हे पोहोचेपर्यंत अडलेलं. 'पुढच्या वर्षी नक्की सोडतो' असं कंपनीने त्यांना याआधीही सांगून झालं होतं.

त्यांच्या जागी झैनब येणार होती. मआमीरचीच मुलगी, इलेक्ट्रिकल इंजिनियर, हुशार आणि तिखट. मोठ्या खुर्चीवरचा माणूस जाण्याआधीच त्याच्या जागी कोण हे ठरवायचं आणि त्या व्यक्तीला तयार करायचं, याला आम्ही सक्सेशन प्लॅनिंग म्हणतो. तयार करायचं ते जॉब रोटेशन करून, म्हणजे वेगवेगळ्या डिपार्टमेंटमध्ये थोडे थोडे महिने काम देऊन. झैनबला आम्ही वर्षभर स्टोअर, सेफ्टी, परचेस असं फिरवलं. मात्र हेड ऑफिसचा नियम असा, की बोर्डाची मंजुरी येईपर्यंत नाव कुणालाही सांगायचं नाही. जिचं नाव आहे तिलासुद्धा नाही. नवरीला पत्ता लागू न देता लग्न ठरवायची ही तऱ्हा!

आमचे जीएम, म्हणजे जनरल मॅनेजर, मिस्टर फैसल इथलेच, बहरैनी. बोलणं मोजकं.

"काउंटर-ऑफर दे," ते म्हणाले. म्हणजे जाणाऱ्याचा पगार वाढवून त्याला थांबवणं.

"फोनवर दिली, सर. ती हसली. आज संध्याकाळी दुसरीकडे सही करतेय."

"मग मुकादमचा व्हिसा वाढव. शटडाऊन तोंडावर आहे." शटडाऊन म्हणजे भट्ट्या बंद ठेवून केली जाणारी वार्षिक दुरुस्ती.

"सर, त्यांचं तिकीट काढलंय."

"तिकीट बदलता येतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच उठून वर्कशॉपमध्ये गेले. चाचा पंख्यासमोर गुडघा चोळत बसले होते. बातमी माझ्याआधीच पोहोचली होती.

"मॅडम, पोरगी चालली, खरं ना?"

"हो चाचा."

"म्हणजे मी ऱ्हायलो इथंच. अमिनाला काय सांगू?"

मला त्यांच्याकडे बघवेना. विचारलं, "का जातेय, काही बोलली तुमच्याकडे?"

"बोलायला काय लागतंय? तुमीच तिला स्टोअरला धाडलीत, मंग सेफ्टीला, मंग परचेसला. इकडं माणसाला असा फिरवायला लागले का समजायचा, दाणापाणी संपला. तिच्या बापाला जुन्या कंपनीत असाच फिरवून फिरवून घालवलानी."

 आम्ही तिला बढतीसाठी तयार करत होतो आणि ती वर्षभर हकालपट्टीची वाट बघत होती. ती चुकलीही नव्हती. इथे नको असलेल्या माणसाला खरंच असं फिरवतात.

परत जीएमच्या केबिनमध्ये.

"सर, तिला खरं सांगू द्या."

"आणि बोर्डाने नाही म्हटलं तर? तू शब्द दिलास आणि तो मोडला, तर तुझीही जागा रिकामी."

परदेशात जागा गेली की व्हिसा जातो. उम्म अल हस्सम भागातला आमचा फ्लॅट, मुलीची शाळा, सगळं त्या एका व्हिसावर उभं.  पण डोळ्यांपुढे चाचांचा तो चोळला जाणारा गुडघा होता.

"मग तुम्ही सांगा, सर. तुम्ही सांगितलं तर ती विश्वास ठेवेल."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "बोलाव."

झैनब आली, हेल्मेट काखेत. बस म्हटलं तरी बसली नाही. तिच्यामागोमाग न बोलावता चाचाही आले. जीएमनी सरळ सांगितलं, मुकादमांच्या जागी तुझं नाव गेलंय.

मला वाटलं, ही हसेल किंवा रडेल. ती भडकली. आणि वळली ती माझ्याकडे.

"वर्षभर माझी आई शेजाऱ्यांना तोंड चुकवतेय. 'बापाचं झालं तेच हिचं' म्हणतात. आणि मॅडम, तुम्हाला माहीत होतं?"

नियम होता, हे उत्तर जिभेवर आलं. ते इतकं हलकट वाटलं की गिळून टाकलं.

"काय हवंय तुला?" जीएमनी विचारलं.

"आज. शिफ्ट सुटायच्या आत, सगळ्यांसमोर सांगा. नाहीतर खलास."

"बोर्ड..."

"बोर्ड मआमीरला राहत नाही."

 चाचांनी कमरेचा वॉकीटॉकी काढून तिच्यापुढे धरला. "ले बेटी." तिने तो घेतला नाही. जीएमकडे बघत राहिली. जीएमनी फोन उचलून बोर्डाच्या चेअरमनना लावला. बोलणं अरबीत. मला फक्त 'इंशाल्ला' कळलं, आणि त्याचा अर्थ काहीही होऊ शकतो. 

फोन ठेवून ते उठले. "यल्ला, चला. कँटीन."

कँटीनमध्ये त्यांनी आधी अरबीत सांगितलं, मग हिंदीत. टाळ्या थांबण्याआधीच गावातल्या चार पोरांनी घरी फोन लावले होते. झैनबने मग हात पुढे केला आणि चाचांकडून वॉकीटॉकी घेतला. मी बाहेर जाऊन बेकरीवाल्याला फोन केला. केकची ऑर्डर पक्की केली.

चाचा ठरल्या तिकिटावर गेले. पुढे त्यांचा मेसेज आला: "ऑपरेशन झालं. अमिनाला दिसायला लागलं. म्हणते, तुमी म्हातारे झालात."

माणूस घडवताना त्याला सांगितलं नाही, तर तो आपला आपण अर्थ लावतो. तो अर्थ कधीच कंपनीच्या बाजूचा नसतो. एवढं होऊनही नियम मात्र अजून तोच आहे.

गेल्या महिन्यात जीएमनी मला बोलावलं. "काही आठवडे फायनान्समध्ये बस." मी 'येस सर' म्हणून घरी आले आणि नवऱ्याला म्हटलं, "माळ्यावरच्या बॅगा काढ." रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सगळं माहीत असलेल्या बाईची ही अवस्था!

सकाळी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन बसले. "सर, बढती की बॅग?"

"कॉन्फिडेन्शियल," ते म्हणाले.

मी खुर्चीतून उठले नाही.