सव्वा तासाचं पुणं

पुणं किती लांब, असं कोणी विचारलं की काकू आधी चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि मग म्हणायच्या, "रस्त्यानं सातशे किलोमीटर. विमानानं सव्वा तास. भाजी निवडून होत नाही तोवर पुणं."

आमच्या नंदनवन वस्तीत माझं झेरॉक्सचं दुकान आणि त्यांचं तिकीट बुकिंगचं, मध्ये एक भिंत. त्यामुळे हे वाक्य मला पाठ होतं. मुंबईसाठी भाजीऐवजी तांदूळ निवडले जायचे, बंगलोरसाठी पोळ्या लाटल्या जायच्या. ज्यांची मुलं नोकरीला लांब गेली होती, असे म्हातारे आईबाप तिकीट काढायचं नसलं तरी येऊन बसत. काकू त्यांना अंतर सांगत. ते चहा पिऊन घरी जात. तुमच्याही वस्तीत असं एखादं दुकान असेल.

काकू स्वतः कधी विमानात बसल्या नव्हत्या. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "मले काय काम आहे वर?"

एका सकाळी कुही गावाकडचे एक म्हातारे शेतकरी बाबा आले. त्यांच्या मुलाला पुण्यात अपघात झाला होता, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. काकूंनी दुपारच्या विमानाची वेळ सांगितली, भाजीचंही सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं. आपल्याला वाचता येत नाही, विमानतळावर कुठून आत जायचं तेही माहीत नाही, असं म्हणाले. मग विचारलं, "बाई, तुम्ही गेल्या होत्या काय?"

काकू कॉम्प्युटरकडे वळल्या. मग त्यांनी दोन तिकिटं काढली, शटर ओढलं आणि किल्ली माझ्या काउंटरवर ठेवली.

"भाऊ, मी पुण्याले जाऊन राहिली. दूधवाल्याले सांगजा, उद्या दूध नको." घरी सांगण्यासारखं दुसरं कोणी नव्हतं.

काही दिवसांनी त्या परतल्या, रेल्वेनं. मुलाचा पाय वाचला होता. विमानाचं मात्र त्या बोलेनात. मग एकदा चहा पिताना सांगितलं, की विमान उडालं तसा बाबांनी त्यांचा हात धरला तो उतरेपर्यंत सोडला नाही. थोड्या थोड्या वेळानं विचारत होते, आलं काय पुणं?

"मले बी भेव लागत होतं. पण त्याले काय सांगू? लय लांब आहे गा पुणं."

त्यानंतर भाजी बंद झाली. काकू वेळ सांगायच्या आणि विचारायच्या, "संगं कोण आहे?" कोणी नसलं की त्याच विमानातलं दुसरं गिऱ्हाईक गाठून ओळख करून द्यायच्या. एका तरुण इंजिनिअरच्या गळ्यात त्यांनी एकदा दोन आज्या घातल्या. तो पुन्हा आला नाही. आज्या आल्या.

गेल्या पावसाळ्यात काकू गेल्या. झोपेतच. त्यांच्या दुकानात आता मोबाईल दुरुस्त होतात.

धान निघाल्यावर बाबा आले, सोबत जरा लंगडणारा मुलगा, त्याच्या खांद्यावर नव्या तांदळाचं पोतं. ते दरवर्षी आणायचे. मी काय झालं ते सांगितलं. बाबा पायरीवर बसले. मुलगा पोतं खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिला.

निघताना मी म्हटलं, तांदूळ परत न्या.

"परत काहून नेऊ?" बाबा म्हणाले. "तिच्यासाठी आणले होते. तुम्ही खाजा."

दुपारी बायकोनं त्यातलाच भात लावला. नवा तांदूळ, जरा मऊच झाला. तिनं आणखी वाढू का विचारलं, तेव्हा मी ताट पुढे केलं.