अर्धे चिंचोके बाजूला ठेवले

"बालवाडीत पाऊल टाकलंत की तुम्ही माणूस नाही, भिंत आहात," असं मानसशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी आम्हाला पहिल्याच तासाला बजावलं होतं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नाशिकला शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण घेत होते आणि दुसऱ्या वर्षाला प्रत्येकीला एका मुलाची निरीक्षणवही पुरी करायची होती. नियम कडक होते. कोपऱ्यात बसायचं. मुलांकडे बघून हसायचं नाही, त्यांनी काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. दर पाच मिनिटांनी घड्याळ बघून एक ओळ लिहायची आणि त्या ओळीत डोळ्यांना जे दिसलं तेवढंच. 'रुसली' असं लिहिलं की बाई लाल शाईनं काट मारायच्या. रुसवा दिसतो का? 'ओठ पुढे काढले' असं लिहा. आणि वहीत 'मी' किंवा 'माझं' कुठे आलं, की ते पान फाडून नवं लिहायला लावायच्या. निरीक्षक नोंदीत येत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

बाकीच्या मुलींना हे जड गेलं. मला नाही गेलं. भिंत व्हायचा सराव नाशिकनं माझ्याकडून आधीच करून घेतला होता.

मी मनमाडची. वडील रेल्वेत गँगमन, घर चाळीत, आणि घरात माणसं इतकी की रडायचं झालं तरी आळीपाळीनं रडावं लागे. तिथून उचलून मला अशोकस्तंभाजवळच्या एका खोलीत आणून टाकलं. घरमालकीणबाईंनी पहिल्या दिवशी आडनाव विचारलं, दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी पाण्याचा वेगळा हंडा बाहेर ठेवला, आणि त्यानंतर काही विचारलंच नाही. विद्यालयात मधल्या सुट्टीत मुली गोल करून बसायच्या आणि डबे मधोमध ठेवायच्या. माझ्या डब्यात कुणी हात घातला नाही, मीही ताठ्यानं कुणाच्या डब्याकडे बघितलं नाही. ताठा माझ्याकडे भरपूर होता, पण त्यानं पोट भरलं तरी दिवस भरत नसे. रविवारी सकाळपासून तोंडातून एक शब्द निघायचा नाही. संध्याकाळी, आवाज शाबूत आहे का हे बघायला, मी मोठ्यानं पाढे म्हणायचे. एकोणतीसचा पाढा झाला की तेवढ्यावर थांबायचे.

बालवाडी आमच्याच विद्यालयाची होती. नाशिकरोडकडच्या एका वस्तीत, विहाराच्या हॉलमध्ये भरायची. एकच मावशी ती चालवायच्या; गाणी त्याच शिकवायच्या, नाकं त्याच पुसायच्या आणि सुकडीही त्याच वाटायच्या. मला पहिल्यांदा दारात बघताच म्हणाल्या, "जयभीम ताई. कुठल्या तुम्ही? बसा, चहा टाकते." नाशिकमध्ये मला आपणहून चहा विचारणारं हे पहिलं माणूस. आणि मी काय केलं? नुसती मान हलवली, कोपऱ्यात जाऊन बसले आणि वही उघडली. भिंत चहा पीत नाही ना! आजही हे आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

चिठ्ठी उचलून माझ्या वाट्याला आली ती एक पाच वर्षांची मुलगी. तेल चोपडून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, हिरव्या रिबिनी, कानांत कडुलिंबाच्या काड्या. जूनमध्ये ती पहिलीत जायची होती. अशा मुलांच्या वह्या बाई स्वतः वाचायच्या आणि कोण शाळेला तयार आहे, कुणाला आणखी वर्षभर बालवाडीतच ठेवायचं, हे ठरवायच्या. मला ते माहीत होतं. त्याचा अर्थ मात्र कळला नव्हता.

मी सोमवारी आणि गुरुवारी जायचे. मांडीवर वही, मनगटावर वडिलांचं मोठ्या तबकडीचं घड्याळ. पहिल्या दोन खेपांच्या नोंदी नुसत्या धावपळीच्या आहेत: पळाली, ओढलं, ओरडली, पडली, उठली. तिसऱ्या खेपेला ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "तुमचं नाव काय?" मी गप्प. "तुमी खेळत नाय?" मी गप्प. ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी लिहिलं: '१०.२०. उभी राहिली. दोन प्रश्न विचारले. निघून गेली.'

पुढच्या सोमवारी ती आली आणि माझ्यापासून हातभर अंतरावर भिंतीला टेकून बसली. माझ्यासारखेच पाय पसरून. मुलं हाका मारत होती, ती मान हलवून नको म्हणत होती. '१०.०५. भिंतीला टेकून बसली. १०.१०. तशीच. १०.१५. तशीच.' पानंच्या पानं 'तशीच'नं भरली. एकदा तिनं फ्रॉकच्या खिशातून चिंचोके काढले, त्यांचे दोन वाटे केले, एक आपल्या गुडघ्यापाशी ठेवला आणि दुसरा माझ्या पायाच्या बोटांपाशी. मी लिहिलं: 'चिंचोके मांडले. अर्धे बाजूला ठेवले. कोणाशी बोलली नाही.' कोणाच्या बाजूला, हे लिहायची सोय नव्हती. तिथे मी आले असते.

खरं सांगायचं तर मी सोमवार-गुरुवारची वाट बघायला लागले होते. ती बोलत नव्हती, मीही बोलत नव्हते, पण सगळ्या नाशिकात माझ्याशेजारी येऊन बसणारं तेवढं एकच माणूस होतं. हेही वहीत नाही.

मार्चअखेर मी निष्कर्ष लिहिला: 'एकलकोंडी. समवयस्कांत मिसळत नाही. सामूहिक खेळात भाग घेत नाही.' बाई खूश झाल्या. इतकी स्वच्छ वही कित्येक वर्षांत पाहिली नाही म्हणाल्या आणि ती वर्गात वाचून दाखवली. मुलींनी माना वळवून माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी मधल्या सुट्टीत एकीनं गोलातून हात लांब करून मला लोणच्याची फोड दिली. मी ती तास सुरू होईपर्यंत चोखत राहिले.

वहीवर मावशींची सही तेवढी राहिली होती. ती घ्यायला मी मंगळवारी गेले, म्हणजे माझा वार नसताना. हॉलच्या बाहेरच मला आरडाओरडा ऐकू आला. खिडकीतून बघते तर आगगाडी चालली होती. आठ-दहा मुलं एकमेकांचे कपडे धरून धावत होती आणि सगळ्यांत पुढे, इंजिन होऊन, हिरव्या रिबिनी उडवत ती. "मनमाऽऽड! नांदगाऽऽव! चाळीसगाऽऽव!" मागच्यानं फ्रॉक सोडला तर वळून त्याला दम देत होती.

मी दारात गेले. तिनं मला पाहिलं आणि गाडी थांबली. तिनं मागच्या मुलीला इंजिनाच्या जागी उभं केलं, कोपऱ्यात गेली, पाय पसरून भिंतीला टेकून बसली आणि शेजारची जागा हातानं झाडली.

"घ्या. बसली," मावशी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग होता. "तुमच्या बाईंची चिठ्ठी आली ताई. हिला अजून एक वरीस हितंच ठेवा म्हणत्यात. हिची आजी म्हणती, शाळंत नाय तर घरी ऱ्हाऊ द्या, धाकट्याला सांभाळील. एकदा घरी बसवली की मग कुठली शाळा? तिची आई काल हितं बसून रडली. असं काय लिहिलं तुम्ही?"

"ती एकटीच बसते," मी म्हणाले.

"एकटी? अवो, तुम्ही येता त्याच दिवशी बसती! बाकीच्या दिवशी हिच्यापुढं माझा आवाज मला ऐकू येत नाय." त्यांनी तिला विचारलं, "का गं? का बसती तिथं?"

तिनं मावशींना जवळ बोलावलं आणि मला ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात सांगितलं, "त्या बाईंसंगं कोनीच खेळत नाय."

मला ऐकू गेलं. मी तिथेच खाली बसले आणि रडले. लाज, राग, सगळंच होतं, पण सगळ्यांत जास्त हे, की दोन महिने मी हिला पारखत होते आणि हिनं मला तिसऱ्याच खेपेला ओळखलं होतं. मावशींनी काही न विचारता चहा आणून दिला. मी प्याले. मग तिच्याशेजारी जाऊन विचारलं, "चिंचोके आणलेस?" आम्ही एकी की बेकी खेळलो. ती मूठ उघडताना एक चिंचोका हळूच फ्रॉकखाली सरकवत होती. मी सगळे डाव हरले.

दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या टेबलापुढे उभी राहिले. म्हणाले, "वही चुकली आहे. ते चिंचोके तिनं माझ्या बाजूला ठेवले होते."

"निरीक्षक नोंदीत येत नाही."

"मी आले होते बाई. ती माझ्यासाठीच बसत होती."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग शांतपणे सांगितलं की तसं असेल तर वही रद्द धरावी लागेल, माझा निकाल थांबेल आणि पावसाळ्यात नवी वही करावी लागेल. चालेल का? मी चालेल म्हटलं. त्यांनी माझ्यासमोरच मावशींना दुसरी चिठ्ठी लिहिली: मुलीस पहिलीत पाठवावे. त्या काही वाईट नव्हत्या, त्यांना स्वच्छ वह्या आवडायच्या एवढंच. वही खोटी निघाल्याचा मुलींमध्ये बोभाटा झाला. लोणचं पुन्हा आलं नाही.

परीक्षा संपल्या, मुली आपापल्या गावी गेल्या आणि नव्या वहीसाठी मी मागे राहिले. शाळा सुरू झाल्यावर एका सकाळी मी बालवाडीकडे निघाले होते. समोरून ती आली. निळा स्कर्ट, पांढरा ब्लाउज, खांद्याला दप्तर, बरोबर तीन मैत्रिणी. मला बघताच तिनं त्यांचे हात सोडले आणि रस्ता ओलांडून आली.

"बाई, तुमी एकट्याच?"

तिनं दप्तर खांद्यावरून अर्धं उतरवलंही होतं.

"नाही गं," मी म्हणाले. "माझ्या मैत्रिणी पुढे गेल्यात. मीच मागे पडले."

तिनं माझ्यापलीकडे पाहिलं. रस्ता थेट वळणापर्यंत रिकामा होता. मी घड्याळ बघितलं, "उशीर झाला बाई," म्हटलं आणि कुणाला तरी गाठायचं असल्यासारखी झपाझप चालायला लागले. वळणापाशी पोचले तेव्हा मागून तिची गाडी सुटल्याचं ऐकू आलं. मनमाड, नांदगाव, चाळीसगाव.