साडभाऊंची निरुपद्रवी भुतं

मेलेल्या माणसांची जितकी काळजी आमच्या साडभाऊंनी केली, तितकी यमानंही कधी केली नसेल. कळंबच्या एका कॉलेजात ते जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. बरण्यांतले साप, ट्रेमधले बेडूक आणि कोपऱ्यात टांगलेला माणसाचा सापळा हा त्यांचा कॉलेजातला संसार. सापळ्याला दर शनिवारी ओल्या फडक्यानं पुसून काढायचं हे काम कुणी त्यांना सांगितलेलं नव्हतं, पण ते कधी चुकलं नाही. "सत्तावीस वर्षं झाले पुसून राह्यलो, एकदाबी हात नाही धरला त्यानं माहा," असं ते सांगत, आणि त्यांच्या आवाजात थोडी तक्रारच असे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीनं या माणसासोबत संसार कसा केला, हे मला आजवर उमगलेलं नाही. ताई मात्र म्हणतात की सापळ्याशी बोलणारा नवरा बरा, तो निदान घरी येऊन भांडत नाही.

त्यांची मुलगी पुण्यात शिकायला होती. नोकरी लागून बंगळूरला जाताना ती घरी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि नाना कोनांच्या फाशांची थैली टाकून गेली. दुसऱ्या कुणी ते रद्दीत घातलं असतं. साडभाऊंनी शब्दकोश मांडीवर घेऊन ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि एका रविवारी दुपारी आम्हा तिघांना ओसरीवर बसवलं. खेळ असा, की एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतले वीर व्हायचं, आणि वार लागला की चुकला ते फाशानं ठरवायचं. गोष्ट सांगणारे अर्थातच साडभाऊ. तांड्यावरच्या शाळेचे गुरुजी जादूगार झाले, वणीहून कोळशाचा ट्रक चालवणारे मामा तलवारबहाद्दर झाले, आणि पोस्टात आयुष्य घालवलेला मी चोर झालो.

घोडं अडलं ते भुतांपाशी. पुस्तकात थडग्यातून उठणारे मुडदे होते, चालते सापळे होते, आणि साडभाऊंचा सगळा जीव त्यांच्यावरच. पण आम्ही काही केल्या घाबरेना. त्यांनी आधी संख्या वाढवली. चाळीस सापळे अंगावर सोडले, तर गुरुजी म्हणाले की माझ्या शाळेत याच्या तिप्पट पोरं आणि मास्तर दोन, आणि त्यांनी जादूनं सापळ्यांना उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं. मग साडभाऊंनी वासाचा प्रयोग केला. प्रयोगशाळेतल्या औषधात भिजवलेला बोळा वाटीत घालून ते मधोमध ठेवून बसले. ताईंनी तो वाटीसकट उकिरड्यावर फेकला आणि आम्ही त्यांच्या त्याच हातची भजी खाल्ली. मग त्यांनी मुडद्याचं कण्हणं स्वतः काढून दाखवलं, तर शेजारच्या काकू छातीला चोळायचा बाम घेऊन धावत आल्या. शेवटी त्यांनी नियमच बदलला, की एक मुडदा कापला की त्याचे दोन उठतील. मामा भजं चावत म्हणाले, उठू द्या, आम्हाला कुठं घाई आहे. ते बोलता बोलता फासे टाकत आणि टाकलेल्या फाशाकडे बघतही नसत.

साडभाऊंचं तोंड एवढंसं झालं. पुढच्या रविवारी एक जणही भ्याला नाही तर पुस्तक पोरीला परत पाठवीन आणि पुन्हा फाशाला हात लावणार नाही, असं त्यांनी गावच्या चिंतामणी गणपतीची शपथ घेऊन सांगितलं. आम्ही हसलो. पण निवृत्तीला आलेल्या त्या माणसापाशी आठवड्यातला तेवढाच एक दिवस स्वतःचा होता, हे मला ठाऊक होतं आणि मला वाईट वाटलं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. त्या आठवड्यात एके दिवशी साडभाऊ एसटीनं थेट यवतमाळला माझ्या घरी आले आणि चपला न काढताच उंबऱ्यात उभे राहून त्यांनी विचारलं, की आपल्याकडं मेलेल्याला कुणी का भीत नाही. मी म्हणालो, कशाला भितील, पेपरात रोज कुठल्या तरी गावच्या शेतकऱ्यानं जीव दिल्याची बातमी असते, आपण पान उलटतो आणि कापसाचा भाव बघतो.  ते म्हणाले, "पेपरात आकडा असते. आकड्याले कोण भिते?" आणि चहा न घेता परत गेले.

रविवारी ओसरीवर ना वास होता, ना कण्हणं. साडभाऊंनी साध्या आवाजात सांगितलं की शिवारातल्या रस्त्यानं एक मुडदा येतो आहे. एकच. मामांनी खुशीत फासा उचलला.

"कमरेले कापूस वेचायचं फडकं बांधलं हाये," साडभाऊ म्हणाले. "तुम्हाले पाहून थांबला. म्हणते, भाऊ, जेवले का? म्हणते, मले घरचा रस्ता सापडून नाही राह्यला."

मामांचा फासा मुठीतच राहिला. त्यांचा धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी फवारणीचं विष अंगात भिनून वारला होता. तेरवी झाल्यावरच्या रविवारी ते खेळायला आले होते आणि तेव्हापासून त्याचं नाव त्यांनी आमच्यात एकदाही काढलं नव्हतं.

"आमचा धाकटा असंच इचारे," मामा म्हणाले. "कवाबी या, आधी जेवले का."

 साडभाऊंना कुणाला तरी भिववायचं होतं, पण इतकं नव्हे. मुडद्याच्या हल्ल्याचा फासा त्यांच्यासमोर होता, तो त्यांनी हळूच थैलीत टाकला आणि विचारलं, "मामा, इथंच थांबवू का?"

"नाही," मामा म्हणाले. "त्याले घरी सोडून देऊ."

मग त्या दुपारी जादूगार, तलवारबहाद्दर आणि चोर एका मुडद्याला मधे घेऊन चालले. साडभाऊ कागदावर रस्ता काढत गेले. नाला आला, बाभळी आल्या, कागद संपला तेव्हा त्यांनी दुसरा जोडला. त्यांनी तो रस्ता मुद्दाम लांबवला हे आम्हाला कळत होतं, पण कुणी घाई केली नाही. मामा वाटेत त्या मुडद्याशी ट्रकचं, बैलांचं, आईच्या गुडघ्यांचं बोलत होते. मधे एकदा त्यांनी त्याला नावानं हाक मारली. साडभाऊंच्या शपथेचं काय झालं हे विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. मला त्या दिवशी साडभाऊंचा फार अभिमान वाटला, आणि तो मी त्यांना अजून बोलून दाखवलेला नाही.

कागदावर त्याचं घर आलं तेव्हा उन्हं उतरली होती. ताईंनी आतून विचारलं, जेवायला किती जण आहात.

"पाच," मामा म्हणाले.

आम्ही चौघंच होतो. साडभाऊ उठले, आत गेले आणि पाचवं ताट त्यांनी स्वतःच्या हातानं पुसून मांडलं.