भिंतीजवळची जागा

कराडजवळच्या बंद रसायन कारखान्याची जमीन विकायची होती. माती दूषित नाही, असा अहवाल मालकांना हवा होता म्हणून मी खणायला मजूर घेऊन नमुने घ्यायला गेले. फाटकावरचा म्हातारा पहारेकरी पूर्वी तिथलाच कामगार. बोलताना तो सारखा तळहात खाजवायचा. मालकांच्या नकाशावर सहा खुणा होत्या. प्रत्येक ठिकाणी आम्ही खणेपर्यंत तो बाजूला उभा राहिला, मग मला मागच्या भिंतीशी घेऊन गेला. तिथे गवताची काडी नव्हती.

“टाक्या धुतलेलं पाणी आमी हितंच सोडायचो, बाई. हितं खणा. भिंतीपल्याड माझी हीर हाय.”

“ही जागा नकाशात नाही, मामा.”

“न्हाईच असायची,” तो हसला. “नकाशा काढणाऱ्याला घाण कुठं हाय ते पक्कं ठावं हाय.”

मी तिथे खणलं नाही. सहाही ठिकाणी माती स्वच्छ निघाली आणि तसा अहवाल मी पुढे सहीनिशी दिला. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

त्या दिवशी निघताना त्याने विहिरीच्या पाण्याचा तांब्या पुढे केला. घसा कोरडा पडला होता, तरी मी तहान नाही म्हणाले. माझ्यासमोरच ते पाणी त्याने पिऊन टाकलं.